भिंती जांभळ्या होत्या : १८८० ते १९२० च्या युरोपीय चित्रांतले बदललेले रंग

गेरू (धागाकर्ता)

१६ ऑक्टोबर १८८८ रोजी फ्रान्समधल्या आर्लहून भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात व्हॅन गॉगने नुकत्याच काढलेल्या 'शयनकक्षा'चे रंग एकेक करून सांगितले आहेत. भिंती फिकट जांभळ्या, जमीन लाल फरशीची, पलंग आणि खुर्च्या ताज्या लोण्यासारख्या पिवळ्या, चादर-उशा अगदी फिकट लिंबोणी हिरव्या, पांघरूण लालभडक, खिडकी हिरवी, तोंड धुवायचे मेज नारिंगी, त्यावरचे भांडे निळे, दारे फिकट जांभळी.

आज अ‍ॅमस्टरडॅमला ते चित्र पाहिले तर भिंती निळ्या आहेत. दारेही निळी. जमीन विटकरीकडून तपकिरीकडे गेलेली. बाकी बरेचसे पत्रात लिहिल्यासारखेच.

पत्र खोटे नाही आणि हे चित्रही दुसरे नाही, पत्रातलेच आहे. निळा, लाल आणि पांढरा मिसळून जांभळा केला होता. त्यातला लाल उडाला, निळा-पांढरा मागे राहिला.

हे नुसते तपशिलाचे प्रकरण नाही. या चित्रात त्याला विश्रांती दाखवायची होती आणि ती त्याने पूरक रंगांच्या जोड्यांनी साधली होती: जांभळ्यासमोर पिवळा, लालासमोर हिरवा, निळ्यासमोर नारिंगी. भिंतींचा जांभळा गेला की पिवळ्या पलंगाचा जोडीदारच गेला. या खोलीच्या थंड निळ्यावरून चित्रकाराच्या अस्वस्थ मनाविषयी पानेच्या पाने लिहिली जातात तेव्हा वाईट वाटते, कारण तो निळा त्याने त्या भिंतीला दिलेलाच नव्हता.

या धाग्यात अशी उदाहरणे गोळा करूया. विनंती एवढीच, की 'रंग उडाला' म्हणताना पुरावा कोणता तेही लिहा. पुरावे साधारण तीन तऱ्हेचे असतात: चित्रकाराचा किंवा समकालीन माणसाचा लेखी उल्लेख, चौकटीखाली झाकली गेलेली कड, आणि रंगाच्या कणाएवढ्या नमुन्याचा उभा छेद.

मंजिष्ठा

उत्तम धागा. लाल 'लेक'पासून सुरुवात करते, कारण सर्वांत जास्त हानी तिथेच झाली आहे.

लेक म्हणजे विरघळणारा रंग (रंगाऱ्याच्या हंड्यात कापडाला चढतो तसा) तुरटीसारख्या क्षारावर बसवून केलेली न विरघळणारी पूड. हा शब्द आपल्या 'लाख'वरूनच युरोपात गेला. तिकडे त्या काळी तीन लाल लेक चालत. एक मंजिष्ठाच्या युरोपीय भावंडाच्या मुळांचा, बऱ्यापैकी टिकाऊ. दुसरा कोचिनील किड्यांचा, म्हणजे कारमाइन, हा पांढऱ्यात मिसळला की लवकर फिका पडतो. तिसरा इओसिनचा, म्हणजे 'जिरेनियम लेक'. इओसिन हा १८७० च्या दशकात प्रयोगशाळेत तयार झालेला ब्रोमीनयुक्त कृत्रिम रंग, दिसायला झगझगीत गुलाबी आणि तिघांत सर्वांत नाजूक.

चौकटीच्या कडेचा पुरावा पाहायचा असेल तर रेन्वारचे 'मादाम लेओं क्लापिसों' (१८८३, आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो). समोरून पाहिले तर बाईंच्या मागची पार्श्वभूमी थंड निळसर-करडी. चौकट काढल्यावर कडेची चिंचोळी पट्टी मात्र लालभडक निघाली, कारण तिथे उजेड पोचलाच नव्हता. त्या पट्टीतल्या सूक्ष्म नमुन्यावर लेसर टाकून रामन पद्धतीने (विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखण्याची पद्धत) तपासले, तेव्हा तो कारमाइन ठरला. म्हणजे आज जे चित्र थंड वाटते ते रेन्वारने ऊबदार काढले होते.

लेखी पुरावा हवा असेल तर व्हॅन गॉगने मे १८९० मध्ये सें-रेमीला काढलेले चार गुच्छ घ्या, दोन आयरिसचे आणि दोन गुलाबांचे. त्यांतले न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमधले आयरिस गुलाबी पार्श्वभूमीवर असल्याचे पत्रात आहे. आज ती पार्श्वभूमी जवळपास पांढरी आहे. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतले गुलाब पत्रात गुलाबी, भिंतीवर पांढरे. फुले जांभळी होती तिथेही तेच, आयरिस आता निळे दिसतात.

आणि व्हॅन गॉगला हे ठाऊक होते. एप्रिल १८८८ मध्ये पॅरिसहून रंग मागवताना त्याने थिओला लिहिले आहे, की इम्प्रेशनिस्टांनी रूढ केलेले सगळे रंग अस्थिर आहेत, म्हणूनच ते बेधडक, कच्चे वापरावेत, काळ त्यांना वाजवीपेक्षा जास्तच मवाळ करील. गुच्छांमधल्या गडद गुलाबीकडे हे वाक्य लक्षात ठेवून पाहावे.

जवस

लाल उडतो, पण क्रोम पिवळा उडत नाही, तो काळवंडतो. यंत्रणा पूर्ण वेगळी आहे म्हणून सविस्तर लिहितो.

क्रोम पिवळा म्हणजे शिशाचे क्रोमेट. क्रोमियम हे मूलद्रव्य वोक्लॅंने १७९७ मध्ये शोधले आणि पुढच्या काही दशकांत हा रंग बाजारात आला. स्वस्त, झाकण्याची ताकद भरपूर, तेलात छान मुरतो. कारखाने त्याच्या छटा करत त्या घटक बदलून: नुसते शिशाचे क्रोमेट म्हणजे मध्यम पिवळा, त्यात शिशाचे सल्फेट वाढवत नेले की लिंबोणी, आणि शिशाचा ऑक्साइड मिसळला की नारिंगी. व्हॅन गॉगच्या एप्रिल १८८८ च्या यादीत नारिंगी, पिवळा, लिंबोणी असे तिन्ही क्रोम आहेत.

इथेच मेख आहे. सल्फेट जितके जास्त तितकी स्फटिकाची रचना बदलते आणि उजेडाला तो जास्त नाजूक होतो. नारिंगी क्रोम जवळपास जसाच्या तसा राहतो, लिंबोणी सर्वांत आधी काळवंडतो. एकाच फुलाच्या पाकळीत दोन छटा शेजारी असतील तर एक टिकते आणि दुसरी मळकट होते. त्यामुळे सगळे चित्र सारखे गडद होत नाही, फुलांच्या आतले चढउतार सपाट होतात.

रासायनिक पातळीवर सहा-संयुजी क्रोमियम (पिवळे) तीन-संयुजी क्रोमियममध्ये (हिरवट) बदलते. हा थर वरच्या काही मायक्रोमीटरचाच असतो, खाली अस्सल पिवळा शाबूत असतो. पण खालच्या पिवळ्यावर हिरवट पापुद्रा बसला की डोळ्याला तपकिरी दिसतो. २०११ मध्ये लेतित्सिया मोनिको, कून यान्सन्स आणि सहकाऱ्यांनी ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर (अतिशय प्रखर क्ष-किरण देणारे यंत्र) हे दाखवले. त्यांनी जुन्या काळच्या उरलेल्या ट्यूबांतले रंग अतिनील दिव्याखाली ५०० तास ठेवले. बहुतेक नमुने ढिम्म हलले नाहीत. रिक वाउटर्स या फ्लेमिश चित्रकाराच्या ट्यूबमधला पिवळा मात्र चॉकलेटी झाला, आणि त्याच नमुन्यात सल्फेट भरपूर होते.

चौकट

मग आपण पाहतो ती 'सूर्यफुले' चॉकलेटी झालेली आहेत का? पुस्तकात तर पिवळीधमक दिसतात.

जवस

नाही, तसा अर्थ घेऊ नका. ऑगस्ट १८८८ मधले लंडनचे चित्र आणि जानेवारी १८८९ मधली अ‍ॅमस्टरडॅमची आवृत्ती, दोन्ही आजही पिवळीच आहेत. अ‍ॅमस्टरडॅमच्या चित्राचा क्ष-किरणांनी नकाशा काढला तेव्हा टिकाऊ आणि नाजूक असे दोन्ही क्रोम कुठे कुठे आहेत ते कळले, शिवाय जिरेनियम लेक आणि शेंदूरही सापडला. म्हणजे कोणत्या पाकळीला पुढे धोका आहे ते आधीच माहीत आहे. जानेवारी २०१९ मध्ये संग्रहालयाने ते चित्र यापुढे प्रवासाला न पाठवण्याचे ठरवले. तेही आजचा रंग खराब झाला म्हणून नव्हे. रंगाचा थर स्थिर असला तरी हादरे आणि हवेतले चढउतार त्याला सोसणार नाहीत म्हणून.

पुस्तकातल्या पिवळ्यावर मात्र विसंबू नका. चार शाईंच्या छपाईत तो पिवळा मुद्रकाच्या शाईचा असतो. त्यावरून कुठलाच निष्कर्ष काढता येत नाही.

मोरचूद

ठिपक्याठिपक्यांनी रंगवणाऱ्या फ्रेंच चित्रकार स्यूराचे 'ग्रांद जात बेटावरील रविवार' (१८८४ ते १८८६, शिकागो, सुमारे २ मीटर उंच आणि ३ मीटर रुंद) याचा उल्लेख व्हायलाच हवा. इथे दोषी आहे झिंक यलो, म्हणजे जस्त-पोटॅशियमचे क्रोमेट. क्रोमचाच चुलतभाऊ, पण पाण्यात थोडा विरघळणारा आणि जास्त चंचल.

१८८५ च्या हिवाळ्यापासून स्यूराने आधीच्या चित्रावर ठिपके चढवले, तेव्हा उन्हातल्या गवतावर हा पिवळा पसरला. आज ते ठिपके मातकट-तपकिरी आहेत. पाचूहिरव्यात मिसळलेले ठिपके मेंदीच्या वाळल्या पाल्यासारखे झाले आहेत. हे ओळखायला शंभर वर्षे लागली नाहीत. १८९२ मध्ये, स्यूराच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, त्याचा मित्र आणि समीक्षक फेलिक्स फेनेआँने लिहिले की १८८५-८६ मध्ये वापरलेल्या रंगांमुळे या चित्राचे तेज गेले. लाल-निळे टिकले, पण हिरवे मळकट झाले आणि उजेड दाखवणारे नारिंगी ठिपके आता भोकांसारखे दिसतात.

ठिपक्यांच्या पद्धतीत ही हानी दुप्पट जाणवते. सपाट रंगात एक रंगद्रव्य बिघडले तर छटा बदलते. इथे ठिपक्यांनी डोळ्यात मिसळून उजेड निर्माण करायचा होता; त्यातला एक ठिपका काळा पडला की तो मिसळत नाही, वेगळा टोचतो. शिकागोत त्या चित्रापासून ५-६ मीटर मागे गेले तरी सावलीच्या पट्ट्यापेक्षा उन्हाचा पट्टा मळका वाटतो, तो यामुळेच.

अवांतर: पाचूहिरवा म्हणजे तांबे आणि आर्सेनिकचे संयुग. गंधक असलेल्या रंगद्रव्याशी, उदाहरणार्थ कॅडमियम पिवळ्याशी, तो ओला असताना मिसळला तर तांब्याचे सल्फाइड होऊन काळपट पडू शकतो. त्या काळातल्या रंगांच्या हस्तपुस्तिका ही जोडी टाळायला सांगत.

पारवा

कॅडमियम पिवळ्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. 'क्रोम वाईट, कॅडमियम चांगला' असे सरसकट सांगितले जाते. १९०० च्या आसपासच्या ट्यूबांसाठी ते खरे नाही.

कॅडमियम सल्फाइडचे ऑक्सिडीकरण झाले की कॅडमियम सल्फेट होते, ते पांढरे आणि पाण्यात विरघळणारे. बेल्जियन चित्रकार एन्सोरच्या कोबीच्या स्थिरचित्रावर (सुमारे १९२१, नेदरलँड्सचे क्रोलर-म्यूलर संग्रहालय) असे सूक्ष्म पांढरे गोळे सापडले. मातीसच्या 'जगण्याचा आनंद' या चित्रात (१९०५-०६, बार्न्स, फिलाडेल्फिया) दोन वेगळे परिणाम एकाच कॅनव्हासवर दिसतात: मध्यभागी पहुडलेल्या आकृत्यांखालचा पिवळा हस्तिदंती झाला, आणि वर डावीकडच्या झाडातला तपकिरी.

मुंकच्या 'किंकाळी'ची (सुमारे १९१०, ओस्लोचे मुंक संग्रहालय) गोष्ट सर्वांत उपयोगाची आहे. आकाशातला पिवळा फिका पडला आहे आणि मधल्या पाण्यावरचे जाड थर पापुद्रे होऊन सुटत आहेत. सगळ्यांनी उजेडाला जबाबदार धरले होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रंगाचे नमुने कृत्रिमपणे जुने करून पाहिले, तेव्हा मुख्य कारण दमटपणा निघाले. रंगात राहिलेली क्लोराइडे त्याला हातभार लावतात. म्हणून शिफारस अशी, की सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांऐवजी ४५ टक्क्यांच्या आसपास ठेवावी. नेहमीच्या उजेडात चित्र ठेवायला हरकत नाही.

याचा व्यवहारात अर्थ असा: लाल लेकच्या चित्राला अंधार हवा, या चित्राला कोरडी हवा हवी. दोघांना एकच औषध देऊन चालत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रे आहेत. जुलैत बाहेरची आर्द्रता ८५ टक्क्यांवर असते, तेव्हा दालनात ती ४५-५० वर टिकवणे म्हणजे काय, याचा अंदाज यावरून यावा.

मंजिष्ठा

पारवा, एक पुरवणी. सगळा कॅडमियम असा नसतो. त्या काळी तो द्रावणातून साका बसवून करत आणि धुणे अपुरे राही. क्षार आत अडकत, कण बारीक राहत, आणि दोन्ही गोष्टी ऑक्सिडीकरणाला सोयीच्या. आजचा कॅडमियम उच्च तापमानाला भाजलेला असतो आणि नीट धुतलेला. 'कॅडमियम उडतो' असे वाचून कुणी आजच्या चांगल्या ट्यूबा टाकून देऊ नयेत.

गेरू

शेंदराचा उल्लेख वर आला म्हणून. मारुतीला लावायचा पारंपरिक शेंदूर म्हणजेच शिशाचा तांबडा ऑक्साइड, युरोपात त्याला मिनियम म्हणत. व्हॅन गॉगच्या 'ढगाळ आभाळाखालची गव्हाची गंजी' या चित्रात (१८८९, क्रोलर-म्यूलर) तळ्यातल्या पाण्यावर एक बारीकसा निळसर-पांढरा गोळा आहे. त्याच्या छेदात मध्यभागी शेंदरी गाभा, भोवती पांढरे कवच. उजेडामुळे शिसे बदलते, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि शेवटी शिशाचे पांढरे कार्बोनेट होते. वाटेतला दुवा असलेले प्लंबोनाक्राइट हे दुर्मीळ खनिज अँटवर्पच्या संशोधकांना २०१५ मध्ये याच कणात सापडले. म्हणजे पाण्यावर पांढरट चमक दिसते तिथे मुळात लालसर पान होते.

कुंचला

फार मोलाची माहिती. प्रत्यक्षातला प्रश्न विचारते: 'शयनकक्षा'ची प्रतिकृती मूळ रंगांत करायची असेल तर आजच्या कोणत्या ट्यूबा घ्याव्यात? आणि त्या टिकतील हे कसे तपासावे?

मोरचूद

ट्यूबच्या पुढच्या नावाकडे पाहू नका, मागचा रंगद्रव्य-क्रमांक वाचा. 'क्रोम यलो' लिहिलेल्या ट्यूबमध्ये क्रोम असेलच असे नाही. 'ह्यू' लिहिले असेल तर नक्कीच दुसरे काही आहे. खरा क्रोम पीवाय ३४, त्यात शिसे आहे. तो घरात नको, घासून पूड तर अजिबात करू नका.

बदली अशा:

क्रोम लिंबोणी आणि मध्यम: कॅडमियम पिवळा पीवाय ३५, फिकट आणि मध्यम.
क्रोम नारिंगी: कॅडमियम नारिंगी पीओ २०.
कोचिनील, मंजिष्ठा: क्विनाक्रिडोन रोझ पीव्ही १९. अलिझरीन क्रिमसन पीआर ८३ टाळा, पांढऱ्यात तोही उडतो आणि मग तुमच्या भिंतीही निळ्या होतील.
कोबाल्ट पीबी २८, अल्ट्रामरीन पीबी २९, व्हिरिडियन पीजी १८: हे तेव्हाही टिकाऊ होते, तेच घ्या.

भिंतीसाठी टायटॅनियम पांढरा ८ भाग, कोबाल्ट २ भाग, रोझ पाव भाग एवढ्याने सुरुवात करा. क्विनाक्रिडोन फार तेज असतो, चाकूच्या टोकाने वाढवा. एकदम घातला तर निस्तरायला पांढरा वाटीभर लागतो. पलंग शेजारी लावल्याशिवाय जांभळ्याचे प्रमाण पक्के करू नका, कारण पिवळ्याशेजारी जांभळा आपोआप जास्त जांभळा दिसतो. नुसता झिंक पांढरा (पीडब्ल्यू ४) जाड थरात नको, वाळल्यावर ठिसूळ होऊन तडकतो.

जवस

तपासणीबद्दल.

प्रायमर दिलेल्या जाड कागदाची पट्टी घ्या. प्रत्येक रंगाचे तीन चौकोन, प्रत्येकी ३ सेंटिमीटर: नुसता रंग, पांढऱ्यात एकास एक, आणि पांढऱ्यात एकास दहा. तिसरा चौकोन सर्वांत महत्त्वाचा. गडद थरात वरचे कण खालच्यांना सावली देतात, म्हणून अलिझरीन नुसता लावला तर वर्षभर ठीक दिसतो. एकास दहा मध्ये तोच काही महिन्यांत पडतो. व्हॅन गॉगच्या भिंती अशाच पांढऱ्यात मिसळलेल्या होत्या.

चार आठवडे वाळू द्या. मग अर्धी पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलने घट्ट झाका आणि दक्षिणेच्या खिडकीत काचेआड लावा. ऑक्टोबर ते जानेवारी हे चार महिने चांगले, आकाश स्वच्छ आणि ऊन तिरपे आत येते. पावसाळ्यात लावलेल्या पट्टीवर उजेडाचा परिणाम कुठला आणि दमटपणाचा कुठला, हे सांगता येत नाही.

हमखास होणारी चूक अशी: जवसाचे तेल अंधारात पिवळे पडते. फॉइल काढल्यावर झाकलेला भाग पिवळसर दिसतो आणि उघडा भाग थंड, मग उघड्या भागातला रंग उडाला असे वाटते. म्हणून पट्टीवर नुसत्या पांढऱ्याचाही एक चौकोन ठेवा. त्याच्या दोन अर्ध्यांत जेवढा फरक आहे तेवढा तेलाचा समजा, त्याहून जास्त असेल तो रंगद्रव्याचा.

चौकट

घरी टांगलेल्या चित्राला उजेड किती चालतो?

पारवा

हिशेब एकत्रित होतो: लक्स (उजेड मोजायचे एकक) गुणिले तास. नाजूक वस्तूंना संग्रहालये ५० लक्स देतात, तैलचित्रांना साधारण १५० ते २००. ५० लक्सने रोज ८ तास, वर्षात ३०० दिवस म्हणजे १,२०,००० लक्स-तास. खिडकीजवळच्या भिंतीवर दिवसा ५,००० लक्स सहज पडतात. म्हणजे संग्रहालयातली वर्षभराची मात्रा तिथे २४ तासांत, जेमतेम तीन दिवसांत संपते. खिडकीच्या समोरची भिंत सोडा, खिडकीच्याच रांगेतली भिंत निवडा. भिंत बाहेरची असेल आणि पावसाळ्यात ओल धरत असेल, तर चौकटीच्या मागच्या चारही कोपऱ्यांना १ सेंटिमीटर जाडीचे बुचाचे तुकडे लावा, मागून हवा खेळती राहते.

कुंचला

पट्टीचे फोटो काढून ठेवले तर तुलना करता येईल का? मोबाइल आपोआप रंग बदलतो.

जवस

येईल, पण प्रत्येक फोटोत पट्टीशेजारी तोच करडा कार्ड ठेवा, आणि फोटो दर वेळी त्याच दिव्याखाली, रात्री, खिडकी बंद करून काढा. पांढऱ्याचा समतोल हाताने त्या करड्यावर लावायचा. पहिला फोटो पट्टी खिडकीत लावण्याआधीचा, मग दर पंधरा दिवसांनी. जिरेनियमसारखा रंग असेल तर फरक दुसऱ्या-तिसऱ्या फोटोतच दिसेल. पीव्ही १९ ला चार महिन्यांत काही दिसू नये. दिसलेच तर ट्यूबमागचा क्रमांक पुन्हा वाचा.